राजवाड्यातली शाळा

साताऱ्याच्या ज्या राजवाड्यात छत्रपती प्रतापसिंहांचा दरबार भरत असे, त्याच वाड्याच्या दालनांत पुढे सरकारी हायस्कुलाचे वर्ग भरू लागले आणि त्याच वर्गांत माझे माध्यमिक शिक्षण झाले, ही गोष्ट मी आजवर मोठ्या भाग्याची मानीत आलो आहे. 1839 मध्ये इंग्रजांनी प्रतापसिंहांना पदच्युत करून काशीस धाडले, 1848 मध्ये राज्य खालसा केले, आणि त्यानंतर अवघ्या तीन वर्षांनी, 1851 मध्ये, ही शाळा स्थापन झाली. विद्येची आस्था असलेल्या त्या राजाचे नाव कालांतराने तिला देण्यात आले, यात मला इतिहासाने विलंबाने केलेला, परंतु खरा न्याय दिसतो.

बीजगणित, इंग्रजीचे व्याकरण आणि एस. एस. सी. ची धास्ती ही त्या काळी सर्वत्र सारखीच होती. संस्कृतच्या तासाची आठवण मात्र निराळी आहे. आम्ही शब्दरूपे कंटाळून घोकीत असू. आणि याच शाळेचे एक विद्यार्थी, ज्यांना पुढे मुंबईस एल्फिन्स्टन हायस्कुलात अस्पृश्य म्हणून संस्कृत नाकारले जाऊन फारसी घ्यावी लागली, त्यांची हकीकत आमच्या वृद्ध गुरुजींनी सांगितली, त्या दिवसापासून ती रूपे कंटाळून म्हणणे मला अशक्य झाले.

ते विद्यार्थी म्हणजे भीमराव रामजी आंबेडकर. 7 नोव्हेंबर 1900 रोजी, वयाच्या नवव्या वर्षी, ते इंग्रजी पहिल्या इयत्तेत येथे दाखल झाले आणि 1904 पर्यंत शिकले. आपल्या बालपणीच्या शाळेविषयी त्यांनी लिहून ठेवले आहे, की त्यांना वर्गात वेगळे बसावे लागे, बसावयाचे गोणपाट घरून आणून संध्याकाळी परत न्यावे लागे, आणि शिपायाने नळ सोडला तरच तहान भागे.

हे वाचल्यावर आमच्या हुतूतूच्या मैदानाकडे मी वेगळ्या दृष्टीने पाहू लागलो. संध्याकाळी, अजिंक्यताऱ्याची सावली गावावर उतरू लागली म्हणजे, नाना जातींची आम्ही मुले कमरेला उपरणे कसून मातीत उतरत असू. चढाई करणाऱ्याने दुसऱ्यास शिवल्याखेरीज गुण नाही, आणि शिवून परतणाऱ्यास साऱ्यांनी मिळून कवेत पकडल्याखेरीज बचाव नाही, असा तो खेळ. वर्गात जे समजावून सांगावे लागले, ते येथे घामाने थबथबलेल्या अंगांनी आपोआप अंगवळणी पडले. म्हणून खेळास अभ्यासाचे पुरवणीपत्र समजणाऱ्यांशी माझे कधीच पटले नाही.

शाळेच्या जनरल रजिस्टरात ‘भिवा रामजी आंबेडकर’ ही 1914 क्रमांकाची नोंद आहे. वर्गाने ज्या मुलास बाजूला बसवावे, त्याचे नाव त्या दप्तराने मात्र इतरांच्याच रांगेत, त्याच शाईने लिहिले. 2017 मध्ये सरकारने 7 नोव्हेंबर हा दिवस ‘विद्यार्थी दिवस’ म्हणून पाळण्याचे ठरविले, याचा मला मनापासून आनंद झाला. त्या दिवशी भाषणे जरूर व्हावीत, परंतु ती आटोपताच साताऱ्यातील सर्व शाळांच्या मुलामुलींचे मिश्र संघ करून सामने खेळवावेत, असे मी भेटेल त्या शिक्षकास आग्रहाने सांगत असतो.