पहिली चूक वर असते

"सर, लॅबमध्ये गेम खेळू का?" या प्रश्नाचे उत्तर शाळेत काय मिळते, ते विद्यार्थी मित्रांना सांगायला नको. २०२५ सालच्या उन्हाळी सुट्टीत आम्ही दहावीत जाणाऱ्या तिघांनी हाच प्रश्न संगणकाच्या सरांना विचारला आणि चक्क वेगळे उत्तर मिळाले. सर म्हणाले, "आयता आणलेला गेम लावून बसणार असाल, तर नाही. त्याचा सर्व्हर मूळ कोडपासून स्वतः बांधून दाखवा. मग शनिवारी दोन तास लॅब तुमची."

आम्हाला वाटले, एका दुपारचे काम! प्रत्यक्षात अकरा दिवस लागले. त्या अकरा दिवसांत आमची मैत्री मोडता मोडता वाचली. म्हणून हा लेख.

पालकांसाठी थोडे सांगतो. आम्ही निवडलेल्या गेमचे नाव लुआंटी. फिनलंडच्या पेर्टू अहोला यांनी २०१० मध्ये तो सुरू केला. पूर्वी त्याचे नाव माइनटेस्ट होते, ते ऑक्टोबर २०२४ मध्ये बदलले. ठोकळे रचून हवे ते जग उभारायचे, असा हा खेळ. तो ओपन सोर्स आहे, म्हणजे त्याचा मूळ कोड कोणीही पाहू शकतो, बदलू शकतो, वाटू शकतो. सर्व्हर म्हणजे ज्या एका संगणकावर ते जग राहते तो. बाकीचे संगणक त्याला जोडले जातात. आणि कंपाइल करणे म्हणजे माणसाने लिहिलेला कोड यंत्राला चालवता येईल अशा रूपात आणणे. दुकानातून पुरणपोळी आणणे वेगळे आणि डाळ शिजवण्यापासून घरी करणे वेगळे. सरांनी आम्हाला डाळीपासून सुरुवात करायला लावली होती.

सामान असे लागले: व्हिज्युअल स्टुडिओमधला सी प्लस प्लसचा कंपायलर, कोणती फाइल कोणत्या क्रमाने बांधायची याची मांडणी करणारे सीमेक, आणि लागणाऱ्या लायब्ररी आणून बांधून देणारे व्हीसीपीकेजी. आम्ही कामे वाटून घेतली. आमच्या मित्राकडे लायब्ररी, आम्हा दोघांकडे सीमेक आणि कंपायलर.

पहिला अडथळा आमच्या हौसेने आणला. कामाच्या फोल्डरला आम्ही मराठीत 'आमचा किल्ला' असे नाव दिले होते. नावात देवनागरी अक्षरे, मध्ये मोकळी जागा, शिवाय फोल्डरच्या आत फोल्डर. विंडोजला हे नाव चालते, पण बांधकामाच्या सगळ्याच अवजारांना चालत नाही. फाइलचा पत्ता सुमारे २६० अक्षरांच्या पुढे गेला तरी अनेक जुनी अवजारे अडतात. शेवटी जड मनाने सगळे सी ड्राइव्हवर एका छोट्या इंग्रजी नावाच्या फोल्डरमध्ये हलवले.

पुढची चूक मित्राची होती. त्याने सगळ्या लायब्ररी ३२ बिटच्या बांधल्या आणि आम्ही सर्व्हर बांधत होतो ६४ बिटचा. दोन्हींचे जुळत नाही. व्हीसीपीकेजी प्रत्येक लायब्ररी दोनदा बांधते, एकदा चुका शोधण्यासाठी आणि एकदा प्रत्यक्ष वापरासाठी. लॅबमधल्या जुन्या संगणकाला त्यात अर्धा दिवस लागला होता. तो वाया गेला. मित्राने चूक कबूल केली आणि दुसऱ्या दिवशी सगळे नव्याने ६४ बिटचे बांधले.

आम्ही सीमेक चालवले. उत्तर तेच, झेडएसटीडी नावाची लायब्ररी सापडत नाही. आम्ही मित्राकडे पाहिले. त्याने पुन्हा काढून पुन्हा बांधली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच. मग आमच्यापैकी एकजण बोलून गेला, "तुला जमत नसेल तर सांग ना, आम्ही करतो." दुसरा हसला. मित्र काही बोलला नाही. त्याने आपली बाटली दप्तरात टाकली आणि तो निघून गेला. दुसऱ्या दिवशी आला नाही, तिसऱ्या दिवशीही नाही.

आम्ही त्याचे काम हाती घेतले, सगळे आपल्या हाताने बांधले आणि सीमेक चालवले. झेडएसटीडी सापडत नाही!

आता मात्र आम्ही सरांकडे गेलो. सरांनी पडद्यावरचा मजकूर वर, अगदी वरपर्यंत सरकवला आणि म्हणाले, "तुम्ही शेवटची ओळ वाचता. पहिली चूक वर असते, खालच्या पुष्कळशा तिच्यामुळे होतात." मग त्यांनी विचारले, "या बिल्ड फोल्डरमध्ये सीमेक पहिल्यांदा कधी चालवले होते?"

आम्ही आठवू लागलो. पहिल्याच दिवशी, लायब्ररी तयार होण्याआधी, उत्साहाच्या भरात आम्ही दोघांनी ते एकदा चालवून पाहिले होते. व्हीसीपीकेजीची टूलचेन फाइल कुठे आहे हे तेव्हा त्याला सांगितलेच नव्हते. सीमेक पहिल्या वेळी जे ठरवते ते त्या फोल्डरात नोंदवून ठेवते. पुढे आम्ही ती फाइल दर वेळी सांगत होतो, पण जुनी नोंद असल्यामुळे ते ऐकत नव्हते. सरांनी बिल्ड फोल्डर काढून टाकायला लावले. नव्या रिकाम्या फोल्डरमध्ये टूलचेन फाइल आधीच सांगून सीमेक चालवले आणि एका मिनिटात सर्व लायब्ररी सापडल्या.

म्हणजे मित्राचे काम दुसऱ्या दिवसापासून बरोबर होते. चूक आमची होती आणि ती त्याच्या चुकीच्याही आधीची होती. त्याचे एकदा चुकले होते, ते आम्ही सीमेकसारखे मनात नोंदवून ठेवले आणि पुढचे काही ऐकलेच नाही.

संध्याकाळी आम्ही दोघे त्याच्या घरी गेलो. काकूंनी पोहे दिले. आम्ही खरे काय झाले ते सांगितले आणि माफी मागितली. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "तीनदा बांधल्या होत्या रे मी." यावर आमच्याकडे उत्तर नव्हते. दुसऱ्या दिवशी मात्र तो आमच्या आधी लॅबमध्ये हजर होता.

उरलेल्या अडचणी तिघांनी मिळून सोडवल्या. एकदा बांधकाम शेवटच्या पायरीवर अडले, कारण जुना सर्व्हर चालूच होता. चालू असलेल्या प्रोग्रामची फाइल विंडोज बदलू देत नाही. तो बंद केला आणि काम झाले. एकदा फक्त सर्व्हरची फाइल पेन ड्राइव्हवरून दुसऱ्या संगणकावर नेली, तेव्हा डीएलएल सापडत नाही अशी तक्रार आली. शेजारच्या डीएलएल फाइलीही न्याव्या लागतात, हे मित्रानेच ओळखले. शेवटी सर्व्हर सुरू झाला, पण तो ज्या संगणकावर होता त्याखेरीज कोणालाच जोडता येईना. विंडोजची फायरवॉल आड येत होती. सरांनी आपला पासवर्ड घालून यूडीपीचा ३०००० क्रमांकाचा पोर्ट उघडून दिला.

त्या शनिवारी पाचवी-सहावीच्या मुलांना बोलावले आणि सगळ्यांनी मिळून आपल्या इंदूरचा राजवाडा बांधायला घेतला. खाली दगडाचे मजले, वर लाकडाचे, एकूण सात. दोन तासांत चारच झाले. भव्य दरवाजा मित्राने एकट्याने केला. छोट्या मुलांपैकी एकाने चुकून भिंत पाडली, तेव्हा कोणीतरी ओरडणार इतक्यात मित्र म्हणाला, "थांबा, आधी काय झाले ते विचारा त्याला."

ज्यांना हे करून पाहायचे आहे त्यांनी आम्हाला मधल्या सुट्टीत जरूर भेटावे. फोल्डरचे नाव छोटे ठेवा, सगळे ६४ बिटचे घ्या, अडल्यास बिल्ड फोल्डर नवा करा आणि मजकूर वरून वाचा. विश्वस्त मंडळास नम्र विनंती, की येत्या सुट्टीतही लॅब उघडी ठेवावी. अजून तीन मजले बाकी आहेत.

हा लेख छापायला देण्याआधी आम्ही मित्राला वाचून दाखवला. त्याने एकच दुरुस्ती सुचवली. आम्ही लिहिले होते, 'दोनदा बांधल्या'. त्याने ते 'तीनदा' केले.