दोन घरांचा पैसा

घटस्फोटाला खर्च किती येईल, असं विचारणाऱ्याच्या मनात बहुधा वकिलाची फी असते. कुटुंब न्यायालयात वकिली करताना माझं मत मात्र असं झालं आहे की, नवरा-बायकोने किती मुद्दे न ठरवता न्यायाधीशांपुढे नेले, यावर खरा खर्च ठरतो. वादाच्या दाव्यात कैफियत येते, अंतरिम पोटगीचा अर्ज येतो, मुलांच्या भेटीचा वेगळा अर्ज येतो; मग पुरावा, उलटतपासणी आणि अपील. एक जण पुण्यात आणि दुसरा इंदूरला असला, तर दावा वर्ग करून घेण्यासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागतं. प्रत्येक तारखेला रजा आणि प्रवास असतोच. याउलट, हिंदू विवाह कायद्यात १९७६ साली आलेल्या कलम १३-ब नुसार वर्षभर वेगळं राहिलेलं जोडपं संमतीने एकत्र अर्ज करू शकतं. त्यानंतरचा सहा महिन्यांचा थांबा योग्य प्रकरणात माफ करता येतो, असं सर्वोच्च न्यायालयाने अमरदीप सिंग खटल्यात २०१७ साली सांगितलं. पण पोटगी, मुलांचा ताबा हे प्रश्न खरोखर मिटले आहेत का, हे पाहायलाही सांगितलं. म्हणजे वेळ वाचतो तोही आधी नीट ठरवलेल्यांचाच.

नीट ठरवायचं तर आधी सगळं उघड करावं लागतं. गोड बोलणं नसलं तरी चालतं. पगाराची स्लिप, भविष्य निर्वाह निधी, गृहकर्ज आणि स्त्रीधनाची यादी मात्र टेबलावर हवी. रजनेश विरुद्ध नेहा या २०२० च्या निकालाने पोटगीच्या प्रकरणात दोघांनीही मालमत्ता आणि देण्यांचं प्रतिज्ञापत्र देणं बंधनकारक केलं. तोच नमुना वाटाघाटीच्या पहिल्या दिवशी भरावा, असा माझा आग्रह असतो, कारण आकड्यांवर संशय असेतो कुणी सही करत नाही. पुढची कसोटी मसुद्याची. ‘शिक्षणाचा खर्च वडील करतील’ एवढंच लिहिलं, तर पुढच्या दाव्याचं बी तिथेच पेरलं जातं. कोणती फी, कोणत्या वर्षापर्यंत, वसतिगृहासह की त्याशिवाय, फ्लॅटचे हप्ते कोण भरणार, हे सगळं कन्सेंट टर्म्समध्ये यायला हवं.

यावर गंभीर आक्षेप आहे: सहकार्य म्हणजे दुबळ्या बाजूने गप्प बसणं. आपल्याकडे ‘मिटवून टाक’ हा सल्ला बहुतेक वेळा बाईलाच दिला जातो, त्यामुळे हा आक्षेप मला खरा वाटतो. मारहाण असेल किंवा उत्पन्न लपवलं जात असेल, तर तडजोडीची घाई करू नये. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण मागावं. दोघांत एकच वकील ठेवून केलेली काटकसरही मला मान्य नाही. १९८७ च्या विधी सेवा कायद्यानुसार स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळू शकतो. मसुदा तिच्या बाजूच्या माणसाने वाचलाच पाहिजे. दुसरा आक्षेप, हुकूमनामा होईपर्यंत संमती मागे घेता येते. येते; म्हणूनच रक्कम टप्प्यांत द्यावी आणि शेवटचा डिमांड ड्राफ्ट अंतिम तारखेला न्यायालयातच हाती द्यावा.

ही सगळी खटपट कशासाठी? एका घराच्या कमाईत आता दोन घरं चालायची असतात. दोन भाडी, दोन स्वयंपाकघरं आणि तेच मूल. खटल्यात जाणारा प्रत्येक रुपया त्याच कमाईतून जातो, त्यामुळे जोडीदाराला खर्चात पाडून मिळवलेल्या विजयाची किंमत मुलालाच मोजावी लागते.