पेटींतील अर्ज

सान फ्रान्सिस्को शहर चढउतारांचें. भर उन्हाळ्यांतहि समुद्रावरून धुकें येऊन अंगावर शहारा आणतें. मार्केट रस्त्यालगत संगणक-व्यवसायाच्या उंच कचेऱ्या आहेत. त्यांतील एकीच्या दाराशीं आम्ही घटकाभर उभे होतों. सहज आंत जातांना दिसले ते खाद्यपदार्थ पोंचविणारे तरुण!

हेंच हेरून २०१६ सालीं लिथुएनियाच्या एका पंचवीस वर्षांच्या, जाहिरातीच्या कामांत मुरलेल्या तरुणानें त्यांचा वेष घेतला आणि सुमारें चाळीस कचेऱ्यांत डोनटच्या पेट्या पोंचविल्या. (डोनट म्हणजे मधें भोंक असलेला गोड वडाच म्हणाना!) झांकण उघडावें तों आंत उमेदवाराचें निवेदन : इतरांचे अर्ज केराच्या टोपलींत जातात, माझा आपल्या पोटांत जाईल. त्यास दहाएक मुलाखती मिळाल्या.

परक्या शहरांत ना आप्त, ना वशिला. तेव्हां त्याच्या धिटाईचें आम्हांस कौतुकच वाटतें. वेष पालटून आंत शिरणें मात्र आमच्या जुन्या मनास रुचत नाहीं. परंतु, वाचकहो, सरळ मार्गानें आलेले अर्ज जे न वाचतांच टाकतात, त्यांनीं तरी त्याला बोल लावावा काय?