सातशे ग्रॅमचा प्रश्न

लॅपटॉप घेताना आपण काय बघतो? रॅम, प्रोसेसर वगैरे दुकानदाराला विचारायचं म्हणून विचारतो. खरं म्हणजे दोन मॉडेल दोन हातांत धरून बघतो आणि हलका असेल त्याच्या प्रेमात पडतो. रोज लोकलमध्ये खांद्यावर तोच घेऊन लटकायचं असतं. ट्रेकर पब्लिकचं तर विचारूच नका. सॅकचा एकेक बक्कल कापून वजन कमी करणारे महाभाग माझ्या ओळखीत आहेत.

पण बंदुकीच्या बाबतीतही हाच फंडा असतो, हे मला २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये डेन्व्हरला कळलं. माझा मावसभाऊ तिथे राहतो. बारा वर्षं झाली, ग्रीन कार्ड आहे, सॉफ्टवेअरमध्ये आहे. एका रात्री जेवताना तो म्हणाला, ‘‘मी या वर्षी एल्कच्या शिकारीला जाणार आहे. रायफल घ्यायचीय. तू पत्रकार ना, जरा रिसर्च कर.’’

वहिनीनं आमटीचा डाव खाली ठेवला.

आता आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे. शिकार म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कोर्टाच्या पायऱ्या चढणारा हीरो येतो, नाहीतर भिंतीवर वाघाचं मुंडकं लावणारे संस्थानिक. अमेरिकेतल्या पश्चिमेकडच्या राज्यांत मात्र शिकार हा प्लंबर, नर्स, शाळामास्तर यांचा ऑक्टोबरमधला उद्योग. राज्य ठरवून देईल तेवढीच लायसन्सं, ठरलेले दिवस, अंगावर भडक नारिंगी (नाहीतर चक्क गुलाबी!) जाकीट. मारलेल्या जनावराचं खाण्यालायक मांस जंगलात टाकून येणं हा गुन्हा, आणि ते विकताही येत नाही. शिवाय १९३७ पासूनच्या एका कायद्यानं रायफल आणि काडतुसांवर ११ टक्के कर लागतो आणि तो पैसा राज्यांना वन्यजीव संवर्धनासाठी मिळतो. सगळं गोडीगुलाबीनं चालतं असं नाही. त्याच नोव्हेंबरमध्ये कोलोरॅडोत माउंटन लायनच्या शिकारीवर बंदीचा प्रस्ताव मतदानाला होता, रस्तोरस्ती दोन्ही बाजूंचे फलक होते. तो पडला.

मला स्वतःला शिकार आवडते का? नाही. पण मटण मी आवडीनं खाते आणि ते कुठून येतं याचा विचार न करता खाते. त्यामुळे दादाला उपदेश करायचा माझा हक्क तसा लंगडाच. म्हणून रिसर्च केला.

एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोराड चुलतभाऊ. नर सहज तीनशे किलोंचा. शिकारीचा हंगाम सुरू झाला, माणसांची वर्दळ वाढली की तो रस्त्यापासून लांब, दहा-अकरा हजार फुटांवरच्या जंगलात सरकतो. डेन्व्हर शहरच मुळी १,६०९ मीटरवर, म्हणजे जवळपास कळसूबाईच्या टोकावर वसलेलं. दादाला जायचं होतं ते त्याच्या दुप्पट उंचीवर, पाठीवर तंबू, पाणी, जेवण घेऊन. आणि एल्क मिळालाच, तर त्याचं मांस पाठीवरूनच तीन-चार खेपांत खाली आणायचं. अशा ठिकाणी खांद्यावरची रायफल साडेचार किलोंची की तीन किलोंची, हा प्रश्न पहिल्या दिवशी चिल्लर वाटतो आणि तिसऱ्या दिवशी आयुष्यातला सगळ्यात मोठा.

बोल्ट-अॅक्शन का, याचं उत्तर सोपं निघालं. बोल्ट म्हणजे दाराची कडी. हातानं उचलायची, मागे ओढायची की रिकामं काडतूस बाहेर. पुढे ढकलून खाली पाडली की नवं काडतूस आत आणि दार बंद. जर्मनीच्या माउझरनं १८९८ मध्ये ही कडी इतकी पक्की बसवली, की आजच्या बहुतेक शिकारी रायफली तिच्याच नातलग आहेत. हलणारे भाग कमी, म्हणून बिघाड कमी, वजन कमी. आणि प्रत्येक गोळीसाठी हात हलवावा लागतो, त्यामुळे शिकारी पहिल्याच गोळीचा जरा जास्त विचार करतो, असं म्हणतात.

गडबड पुढे आहे. पूर्वी शिकारी रायफल म्हणजे अक्रोडाचा दस्ता, पोलादी नळी, दुर्बिणीसकट चार किलोंच्या घरातलं प्रकरण. मग दस्त्याचं लाकूड जाऊन केव्हलार, कार्बन फायबर आलं, नळी पेन्सिलीसारखी बारीक झाली, काहींनी अॅक्शनच टायटेनियमची केली. आता किंबरची माउंटन असेंट किंवा वेदरबीची बॅककंट्री टीआय घेतली, तर नुसती रायफल सव्वादोन किलोंच्या आत भरते. फिनलंडच्या टिक्काची टी-थ्री-एक्स लाइट साधारण २.९ किलो आणि किमतीत कितीतरी खाली. फरक सातशे ग्रॅमचा. आणि डॉलरमध्ये म्हणाल, तर टिक्का घेऊन उरलेल्या पैशांत चांगली दुर्बीण आणि वर मुंबईचं तिकीट निघेल.

दादाचा जीव अर्थातच सव्वादोन किलोवर.

इथे मला आपला स्वप्नील कुसाळे आठवला. त्याच ऑगस्टमध्ये पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये त्यानं ब्राँझ मिळवलं होतं आणि कांबळवाडी हे कोल्हापूरजवळचं गाव एका दिवसात देशभर माहीत झालं. त्याच्या प्रकारातली रायफलही एकेक गोळीचीच, पण नियमात तिला आठ किलोंपर्यंत मुभा! जड रायफल आळशी असते. तुमचा श्वास, तुमची नाडी, बोटाची थरथर, कशालाच ती पटकन दाद देत नाही. हलकी रायफल मात्र सगळं ऐकते. अकरा हजार फुटांवर धापा टाकत बसलेल्या माणसाच्या हातात तर ती अक्षरशः नाडीवर नाचते.

दुसरं म्हणजे झटका. गोळी पुढे जाते तशी रायफल मागे येते, हे न्यूटनचं शाळेतलंच गणित. काडतूस तेच ठेवून रायफलचं वजन निम्मं केलं, की झटक्याची ऊर्जा दुप्पट. कागदावर वाचताना काही वाटत नाही. खांदा मात्र लक्षात ठेवतो, आणि मग पुढच्या वेळी ट्रिगर दाबायच्या क्षणी डोळे आपोआप मिटतात. याला तिथे ‘फ्लिंच’ म्हणतात. शहाण्या माणसांनाही होतो.

दादाच्या शेजारी एक सत्तरीचे गृहस्थ राहतात. चाळीस वर्षं एल्कच्या मागे हिंडलेले. त्यांच्याकडे दोन्ही प्रकार होते, एक सव्वादोन किलोची आणि एक टिक्का, दोन्ही .३०८ काडतुसाच्या. म्हणजे तुलना एकदम फेअर. एका रविवारी ते आम्हाला रेंजवर घेऊन गेले. टुरिस्ट व्हिसावरच्या परदेशी माणसाला काही अपवाद सोडले तर बंदूक बाळगायला अमेरिकन कायद्यात मनाई आहे, त्यामुळे मी कानांवर मफ लावून, हात मागे बांधून, वही काखेत धरून उभी. घरी फोनवर मावशीला ‘‘आम्ही पिकनिकला आलोय’’ असं दादानं सांगितलं होतं.

आजोबांची परीक्षा साधी. पार्टीत वापरतात ती कागदी प्लेट, साधारण नऊ इंचांची. ‘‘हे हरणाचं काळीज आणि फुप्फुसं समज,’’ ते म्हणाले. ‘‘एल्कचं याहून मोठं असतं, पण तू तिथे दमलेला असशील.’’ टेबलावर रायफल टेकवून दादानं दोन्ही रायफलींनी छान गोळ्या मारल्या. एकदम हीरो! मग आजोबांनी त्याला मागच्या चढावर दोनदा पळवलं आणि धापा टाकत असतानाच खाली बसून, सॅकवर रायफल टेकवून पाच गोळ्या मारायला लावल्या.

दोनशे यार्डांवर टिक्कानं पाचपैकी पाच. तीनशेवर चार. हलक्या रायफलीनं दोनशेवर तीन आणि तीनशेवर दोन. तिसऱ्या गोळीनंतर दादा डोळे मिटत होता. मला लांबून दिसत होतं, त्याला स्वतःला पत्ता नव्हता. आजोबांनी काही न बोलता पुढच्या वेळी त्याला न दाखवता रिकामी रायफल हातात दिली. त्यानं ट्रिगर दाबला, टक् असा आवाज झाला आणि गोळी नसतानाही नळी हातभर खाली गेली.

आम्ही तिघंही हसलो. मग आजोबा म्हणाले, ‘‘प्लेटवर न लागलेल्या त्या तीन गोळ्या कुठे गेल्या, ते आता सांग.’’

कुणीच हसलं नाही. मातीत गेल्या असतील तर ठीक. पण तिथे प्लेटच्या भोवती तीनशे किलोंचं जनावर असतं. फुप्फुसाऐवजी पोटात किंवा जबड्यात लागलेली गोळी घेऊन एल्क मैलोन्मैल चालत जातो. त्या माणसानं चाळीस वर्षांत असा एक तरी माग काढला असावा. त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

लांब पल्ल्याचं म्हणाल, तर बाजारात स्वप्नं भरपूर विकायला आहेत. ६.५ क्रीडमूर हे काडतूस २००७ मध्ये हॉर्नाडीनं मुळात टार्गेट शूटिंगसाठी आणलं आणि बघता बघता शिकाऱ्यांचं लाडकं झालं. गोळी लांबट, हवा कापत जाणारी, झटका .३०० विन मॅगसारख्या तगड्या काडतुसाच्या निम्म्याच्या आसपास. सोबत लेझरनं अंतर मोजणारं यंत्र, दुर्बिणीवर फिरवायच्या चकत्या. सगळं जुळलं, की पाचशे यार्ड हातात आल्यासारखे वाटतात. पण दोनशेवर नेम जुळवलेली ही गोळी पाचशेवर तीन फुटांहून जास्त खाली येते. ते अंतर यंत्र सांगेल. डोंगरात वर किंवा खाली मारताना तिरकं अंतर न धरता आडवं अंतर धरायचं, तेही यंत्र सांगेल. दरीतून मध्येच सुटलेला वारा मात्र कोण सांगणार? ताशी सोळा किलोमीटरचा आडवा वारा एवढ्या अंतरात गोळीला साधारण फूटभर सरकवतो, आणि गोळीच्या वाटेवर एका ठिकाणी वारा असतो, दुसऱ्या ठिकाणी नसतो. शिवाय पोचायला अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ. एवढ्यात एल्क एक पाऊल टाकतो.

थिओडोर रूझवेल्टनं १८८७ मध्ये स्थापन केलेला बून अँड क्रॉकेट क्लब हा तिथल्या शिकाऱ्यांचा मानाचा क्लब. जनावराला वास, नजर, कान वापरून निसटायची संधीच उरणार नाही इतक्या लांबून मारणं योग्य नाही, अशी त्यांची भूमिका आहे. आकडा मात्र ते देत नाहीत. तो ज्याचा त्यानं ठरवायचा. आजोबांनी दादाच्या टिक्काच्या प्लेटवर पेननं लिहून दिला : २५०.

घरी वेगळंच युद्ध होतं. वहिनीला ग्रॅम, यार्ड कशात रस नव्हता. तिचा मुद्दा एकच, घरात सहा वर्षांची मुलगी आहे. ‘‘तिजोरी आधी, बंदूक नंतर. आणि किल्ली माझ्याकडे,’’ तिनं सांगून टाकलं. दादानं कुरकुर केली, पण त्याला बोलायला जागा नव्हती. मुलांच्या हाती लागू शकेल अशी बंदूक उघडी ठेवणं कोलोरॅडोत २०२१ पासून बेकायदा आहे. मग तीन किलोंच्या रायफलीसाठी शंभरेक किलोंची तिजोरी आली आणि ती गराजपर्यंत नेताना माझी, दादाची आणि दोन मित्रांची कंबर गेली. हलक्या रायफलीच्या जाहिरातीत हे वजन धरत नाहीत.

शेवटी दादानं टिक्काच घेतली, ६.५ क्रीडमूरमध्ये. कोलोरॅडोच्या नियमात एल्कसाठी किमान .२४ कॅलिबर, किमान ८५ ग्रेनची प्रसरण पावणारी गोळी आणि शंभर यार्डांवर १,००० फूट-पौंड ऊर्जा लागते. हे काडतूस त्यात आरामात बसतं. जाडजूड आठ-नऊशे ग्रॅमच्या दुर्बिणीचा मोह सोडून त्यानं साडेतीनशे ग्रॅमची साधी घेतली. इथे वाचवलेलं वजन झटक्यात आणि थरथरीत फारसं जाणवत नाही, असा त्याचा युक्तिवाद. फिजिक्सच्या दृष्टीनं तो बरोबर नाही (वजन ते वजनच), पण दुकानात मी गप्प बसले. फॉर्म, पोलिस रेकॉर्डची तपासणी, मग राज्याच्या नियमानं तीन दिवस थांबा. त्या तीन दिवसांत तो रोज रात्री सोफ्यावर बसून झाडूनं नेम धरायचा.

ऑक्टोबरच्या शेवटी तो आजोबांबरोबर डोंगरात गेला. मी खालच्या कँपपर्यंत गेले, वर नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी दोघं रिकाम्या हातांनी उतरले. दादाचे ओठ फुटलेले, आवाज बसलेला. समोरच्या उतारावर एल्क दिसला होता, मोठा नर, आडवा उभा, पूर्ण मिनिटभर. लेझरमध्ये आकडा आला ४६०. दादानं रायफल सॅकवर टेकवली, कडी उघडी होती ती तशीच ठेवली आणि दुर्बिणीतून नुसतं बघत राहिला. जवळ जायला मध्ये दरी होती आणि उजेड अर्धा तास उरला होता.

‘‘हलकी असती तर वरच्या धारेवर तासभर आधी पोचलो असतो,’’ तो सूप पिताना म्हणाला. ‘‘तिथून दोनशेचा शॉट होता.’’

आजोबांनी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते मला कळलं नाही.

दुसरा दिवस बर्फात गेला. लायसन्सचे पैसे गेले, सुट्टी संपली. फ्रीझरमध्ये वहिनीनं आणलेली कोळंबीच राहिली. दादा मात्र त्या मिनिटाबद्दल जेवढं बोलतो तेवढं मी त्याला प्रमोशनबद्दलही बोलताना ऐकलेलं नाही. आता तो आठवड्यातून तीनदा पाठीवर वीस किलो टाकून टेकडी चढतो. पोट बरंच गेलंय. सातशे ग्रॅमपेक्षा कितीतरी जास्त.

गेल्या आठवड्यात त्याचा फोन आला होता. आजोबांनी त्यांची सव्वादोन किलोची विकायला काढलीय, गुडघे आता डोंगर चढू देत नाहीत. दादानं किंमत विचारलीय. ‘‘नुसती विचारलीय गं,’’ तो म्हणाला आणि मग आवाज खाली आणून, ‘‘तिजोरीत एक जागा रिकामी आहे तशी. पण वहिनीला इतक्यात काही बोलू नकोस.’’