माळ्यावरचा बंब आणि कपाटातलं कार्ड

जपून ठेवलेली वस्तू कधी ना कधी उपयोगी पडतेच, हा मराठी संसाराचा जुना विश्वास. रायपूरच्या तात्यापाऱ्यातील एका घरात आजीचा पितळी बंब अजून माळ्यावर आहे आणि कपाटात मुलाचं ग्राफिक्स कार्ड, आरटीएक्स ४०९०. संगणकाच्या पडद्यावरची चित्रं रेखाटणारा हा महागडा भाग. मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेला, लॅपटॉपवर काम करू लागला, कार्ड खोक्यातच राहिलं.

आई म्हणते, ''विकून टाक रे.'' मुलगा म्हणतो, ''राहू दे गं, पहिल्या पगारांतून घेतलंय.''

दोघांचंही खरं. पण पितळ मोडीतही पितळच राहतं. कार्डाचं तसं नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनासाठी ग्राफिक्स कार्डं लागेनाशी झाली आणि जुन्या कार्डांचे भाव घसरले. २४ जीबी मेमरीचं ४०९० ऑक्टोबर २०२२ मध्ये आलं. जानेवारी २०२५ मध्ये ३२ जीबीचं ५०९० त्याच्या पुढे गेलं. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कामामुळे आज ४०९०ला मागणी आहे, उद्याचं कोणी सांगावं? वॉरंटीचे दिवस तर खोक्यातही सरतातच.

तेव्हा एवढंच ठरवावं : वर्षभरात ते वापरणार का? वापरणार असेल, तर ८५० वॅटच्या पॉवर सप्लायसह संगणक जोडून घ्यावा. नसेल, तर मूळ पावती आणि खोक्यासह गरजूला विकावं. पहिल्या पगाराची आठवण पावतीच्या झेरॉक्सवरही राहते.