सौभाग्यवतींची छबी

छायाचित्र यथार्थ असावे असा आग्रह धरणाऱ्या गृहस्थाने स्वतःच्या कुटुंबाची छबी बहुधा कधी काढलेली नसते. आमचा आग्फा क्लिक कॅमेरा सुमारे तीन मीटरच्या अलीकडचे काही स्पष्ट टिपत नाही आणि एका रोलमध्ये अवघी 12 चित्रे देतो. तेव्हा पेरूसाठी नावाजलेल्या या राहात्यात बागेची पार्श्वभूमी आयती मिळत असली, तरी पानांतून झिरपणारे ऊन मुद्रेवर देवीच्या व्रणांसारखे ठिपके उमटवते हे ध्यानी घेऊन, मी तो बेत कायमचा तहकूब केला आणि ओसरीची सावली पत्करली. अंगणातला उजेड एका गालावर तिरपा यावा आणि दुसऱ्या अंगाला दांडीवर धुवट धोतर पसरावे, म्हणजे त्याच्या शुभ्रतेवरून परतलेला प्रकाश डोळ्यांखालचा काळिमा परस्पर पुसून टाकतो. हनुवटी किंचित खाली, खांदा जरासा तिरका, यंत्र नजरेहून बोटभर उंच. बाकी रहस्य फारसे नाही. मात्र "अहो, आटपा, दूध उतू जाईल," या फर्मानासरशी मुखावर जे अर्धवट हसू उमटते, ते कोणत्याही सूचनेने येत नाही. खटका तेव्हाच दाबावा. स्टीग्लिट्झ या अमेरिकन कलावंताने आपली पत्नी जॉर्जिया ओकीफ हिची 300हून अधिक छायाचित्रे काढली; ती खुशामतीची खचितच नव्हेत. आमच्याकडे माहेरी धाडण्यायोग्य ठरल्याखेरीज एकही प्रत दप्तरी दाखल होत नाही. परवा एक मंजूर झाली. शेरा इतकाच, की नथ नीट दिसत नाही.