व्हेनिसच्या पाण्यावर एक दिवस

आमची थोरली कन्या शिष्यवृत्तीवर इटलीतील पादोव्हा विद्यापीठात शिकत होती. तिचा अभ्यासक्रम संपण्यापूर्वी एकदा तिथे जाऊन यावे, असे घरात दोन वर्षे चालले होते. अखेर पतपेढीचे कर्ज काढून व अर्जित रजा टाकून आम्ही उभयता जून २०२४ मध्ये गेलो. एका बुधवारी तिची परीक्षा होती. "तुम्ही दोघं व्हेनिस बघून या. वाट चुकलात तरी बेटाबाहेर जाणार नाही," असे म्हणून तिने आम्हाला सकाळच्या गाडीत बसवून दिले. बरोबर चपात्या, शेंगदाण्याची चटणी आणि पाण्याच्या दोन बाटल्या.

पादोव्ह्याहून व्हेनिसचे तिकीट माणशी सुमारे पाच युरो. शेवटचे चारेक किलोमीटर गाडी समुद्राच्या खाडीवरून धावते. हा रेल्वेचा पूल १८४६ सालचा, म्हणजे तिथे ऑस्ट्रियाचे राज्य असतानाचा. त्याआधी या शहरात होडीशिवाय पाऊल टाकता येत नव्हते. स्टेशनाच्या पायऱ्या उतरलो की समोर रस्ता नाहीच, पाणी! मोटार नाही, रिक्षा नाही, सायकलसुद्धा नाही. शंभराहून अधिक लहान बेटे आणि चारशेहून अधिक पूल. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी हा आकडा ध्यानात ठेवावा.

येथे वाचकांसाठी खर्चाचे नमूद करतो. त्याच वर्षी गर्दीच्या काही ठरावीक दिवशी, एका दिवसासाठी येणाऱ्या पाहुण्यांकडून पाच युरो प्रवेश-आकार घेणे सुरू झाले होते. आमचा बुधवार त्यात नव्हता, वाचलो. गोंडोला म्हणजे सिनेमात दिसते ती काळी नाव. तिचा अर्ध्या तासाचा सरकारी दर तेव्हा नव्वद युरो होता, म्हणजे त्या वेळचे आपले आठ हजार रुपये! आमच्या सहचारिणींनी दराची पाटी वाचली आणि काही न बोलता पुढे चालू लागल्या. परंतु मुख्य कालवा ओलांडायला तशाच नावेची उतारू फेरी असते, तिला 'त्रागेत्तो' म्हणतात. माणशी दोन युरोत पलीकडच्या तीराला. साडी सावरत त्या नावेत बसल्या. दोन-तीन मिनिटांत पैलतीर आला, पण गोंडोल्यात बसलो हे खरेच.

सकाळच्या वेळी या शहरात कामगार दिसतात. नंतर प्रवाशांच्या गर्दीत ते दिसेनासे होतात. दारोदारचा कचरा गोळा करणारे कामगार बोळाबोळांतून हातगाड्या ढकलत होते. ती गाडी कालव्याच्या काठाला आणायची, मग होडीवरची यारी ती अख्खी उचलून होडीत रिकामी करते. हातात मोजे, पायात बूट, अंगावर धड गणवेश. कचऱ्यात हात घालावा लागत नाही. आम्ही ते काम चांगली दहा मिनिटे उभे राहून पाहिले. मार्गदर्शक पुस्तकात याचा उल्लेख नाही, पण मुंबईहून जाणाऱ्या प्रत्येकाने हे अवश्य पाहावे.

रिआल्तोचा दगडी पूल १५८८ ते १५९१ या काळात बांधला. त्याच्या पायाखाली बारा हजार लाकडी खुंट चिखलात ठोकलेले आहेत, असे सांगतात. चिखलात हवा पोहोचत नाही म्हणून लाकूड कुजत नाही. सगळे शहरच असे लाकडावर उभे. हे खुंट ठोकणारे मजूर वजनदार ठोकळा वर उचलायचे आणि गाण्याच्या ठेक्यावर एकदम सोडायचे. राजवाड्यांच्या मालकांची नावे भिंतीभिंतीवर आहेत, या मजुरांपैकी एकाचेही नाव आम्हाला आढळले नाही.

वाणिज्य शाखेच्या माणसाला रिआल्तोपाशी आणखी एक कारण आहे थांबायला. लुका पाचियोली या गणिती धर्मगुरूचा ग्रंथ १४९४ साली याच व्हेनिसमध्ये छापला गेला. इथले व्यापारी वापरीत असलेली द्विनोंदी हिशोबपद्धती त्यात प्रथमच छापून आली. घेणाऱ्याचे खाते नावे, देणाऱ्याचे खाते जमा. बी. कॉम.च्या पहिल्या वर्षी रात्रीच्या कॉलेजात डोळ्यांवर झोप असताना घोकलेला हा नियम! त्याच बाजारात उभे राहून आम्ही चपाती खाल्ली.

सान मार्कोचा चौक भव्य आहे, यात वाद नाही. तिथे मात्र जमिनीवर बसून खाल्ले तर दंड होतो. चर्चच्या दर्शनी भागावर चार ब्राँझचे घोडे आहेत, त्या प्रतिकृती. मूळ घोडे आत जपून ठेवले आहेत. ते १२०४ साली कॉन्स्टँटिनोपल लुटले तेव्हा आणलेले. ज्यांच्या नावाने चर्च आहे त्या संत मार्क यांचे अवशेष ८२८ साली दोन व्यापाऱ्यांनी अलेक्झांड्रियातून पळवून आणले, अशी कथा तेथील लोकच अभिमानाने सांगतात. या चौकातील ऐवज जमा बाजूला कसा आला, त्याची व्हाउचरे मागू नयेत!

चौकातला घंटेचा मनोरा १९०२ साली कोसळला आणि १९१२ मध्ये होता तसाच पुन्हा बांधला. पडझडीत एकच घंटा शाबूत राहिली, ती मारंगोना. मारंगोनी म्हणजे सुतार. जहाजाच्या गोदीतील कामगारांची पाळी या घंटेवर सुरू होई व संपे. आपल्या गिरण्यांचा भोंगा म्हणा ना. या घंटेवर आणखी एक दार उघडत असे. ते पाहायला आम्ही दुपारी निघालो.

जलबसचे एकेरी तिकीट साडेनऊ युरो, हा खर्च जड गेला, पण पाय थकले होते. सान मार्कुओला थांब्यावर उतरून कानारेजो कालव्याच्या काठाने गेलो. तिथे घरांच्या रांगेत एक बुटके, अंधारे प्रवेशद्वार आहे, वाकून जावे असे वाटावे इतके. दगडात जुन्या फाटकाच्या बिजागऱ्यांच्या खुणा अजून आहेत. हाच घेट्टो.

हा शब्द आम्ही शिबिरांतून, भाषणांतून कितीदा उच्चारला असेल. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या 'दि अनटचेबल्स' या ग्रंथात गावाबाहेरच्या वस्तीसाठी हाच शब्द योजला आहे. तो जन्मला इथे. या बेटावर पूर्वी तांब्याची ओतशाळा होती. ओतशाळेला इथल्या बोलीत 'गेत्तो' म्हणत आणि त्यावरूनच हे नाव पडले, असे बहुतेक अभ्यासक मानतात. २९ मार्च १५१६ रोजी व्हेनिसच्या सिनेटने ठराव केला की शहरातील सर्व यहुद्यांनी याच बेटावर राहावे. रात्री फाटके बंद, सकाळी मारंगोना वाजली की उघडायची. बाहेर पडताना अंगावर पिवळी खूण, पुढे पिवळी टोपी. रात्री बाहेर जाण्याची मुभा मुख्यतः वैद्यांना, कारण आजारी सरदाराला यहुदी वैद्य चालत असे. जुन्या भाडेकरूंना हलवून यहुद्यांना घरे दिली ती एक-तृतीयांश भाडेवाढ करून. घर विकत घ्यायला मनाई. आणि फाटकावरच्या ख्रिस्ती पहारेकऱ्यांचा पगार, भोवतीच्या कालव्यांतून रात्री फिरणाऱ्या गस्तीच्या होड्यांचा खर्च, हे सर्व भरायचे आत कोंडलेल्या यहुद्यांनीच!

हिशोबाची वही जगाला शिकवणाऱ्या शहराने तुरुंगाचा खर्च कैद्याच्या नावे टाकला होता.

प्रवेशाजवळ भिंतीत १७०४ सालची शिळा आहे. ख्रिस्ती झालेल्या यहुद्याने पुन्हा इथे पाऊल ठेवून जुना धर्म पाळला तर फटके, तुरुंग, गलबतावर वल्ही मारण्याची सजा, असा त्यावर हुकूम आहे. खबर देणाऱ्याला बक्षीस, तेही अपराध्याच्याच मालमत्तेतून. पुन्हा तोच जमाखर्च.

आतला चौक प्रशस्त आहे. त्याच्या कडेला घरे मात्र सात-आठ मजल्यांची, व्हेनिसमध्ये इतरत्र अशी उंच घरे दिसली नाहीत. सहचारिणी मान वर करून म्हणाल्या, "अहो, खिडक्या बघा. मजले किती चेपून बांधलेत." त्या वरळीच्या बी.डी.डी. चाळीत वाढलेल्या, त्यांना कुणी समजावून सांगावे लागले नाही. माणसे वाढत गेली, बेट वाढले नाही. सतराव्या शतकात इथली वस्ती पाच हजारांच्या घरात गेली होती. मजल्यावर मजला चढला, छत खाली आले. प्रार्थनास्थळेसुद्धा वरच्या मजल्यावर. पाच मोठ्या खिडक्या एका ओळीत दिसल्या की ओळखायचे. सर्वांत जुने १५२८ सालचे.

दोन दुःखे एका मापाने मोजू नयेत, असे आमचे मत आहे. इथल्या माणसाकडे कर्ज काढायला ख्रिस्ती येई, नाडी दाखवायला येई. आपल्याकडे सावलीचाही विटाळ होता. पण त्या चौकात एका गोष्टीचा हेवा वाटला, हे लिहिताना संकोच होतो. या कोंडवाड्याला जन्मतारीख आहे. ठराव आहे, भाड्याचा दर आहे, पहारेकऱ्याच्या पगाराची नोंद आहे. १७९७ च्या जुलैत, फ्रेंच सैन्य आल्यावर फाटके तोडून याच चौकात जाळली, त्याचीही तारीख आहे. आमच्या गावचा महारवाडा कोणत्या साली, कोणाच्या सहीने गावाबाहेर गेला? तिथे फाटकही लागले नाही, पहारेकरीही नाही. पगारच नाही तर नोंद कुठून सापडणार?

फाटके जाळली म्हणून सगळे संपले नाही. १९४३ च्या सप्टेंबरात जर्मन सैन्य आल्यावर यहुदी समाजाचे अध्यक्ष डॉ. जुझेप्पे योना यांच्याकडे समाजाच्या लोकांची यादी देण्याची वेळ आली. हे डॉक्टर गरिबांवर उपचार करणारे म्हणून परिचित होते. त्यांनी कागदपत्रे नष्ट केली आणि १७ सप्टेंबरला स्वतःचे जीवन संपवले. तरीही डिसेंबर १९४३ पासून पुढच्या वर्षीपर्यंत २४६ जणांना धरून नेले. परत आले आठ.

चौकातील भिंतीवर त्यांचे स्मारक आहे. फळ्यांवर नावे आणि नावापुढे वय. रोमन अक्षरांतली इटालियन नावे आम्हाला नीट उच्चारता येईनात. सहचारिणी मग फक्त वये वाचू लागल्या. पलीकडे पहाऱ्याच्या चौकीत बंदूकधारी सैनिक उभे होते, आताचा पहारा संरक्षणासाठी असतो आणि त्याचा पगार सरकार देते. चौकातल्या नळावर लहान मुले पाणी उडवत होती. आम्ही आमच्या बाटल्या तिथेच भरून घेतल्या.